जॉन हंटर यांचा राग

छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येणारा रुग्ण आमच्या ओपीडीत बहुतेक वेळा एकच निदान घेऊन येतो: गॅस. त्याला हसू नये. अठराव्या शतकातले इंग्लंडचे सर्वांत नामवंत सर्जन जॉन हंटर यांनाही पहिली कळ पोटातच जाणवली होती. हृदय आणि पोटाचा वरचा भाग यांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच वाटेने जातात, त्यामुळे मेंदूची गल्लत होते.

हंटर 1728 साली स्कॉटलंडमध्ये जन्मले. विशीत ते लंडनला भावाच्या शरीररचनेच्या शाळेत मदतीला आले आणि पुढे शस्त्रक्रियेला त्यांनी प्रयोगाची बैठक दिली. देवीची लस देणारे जेन्नर त्यांचेच शिष्य.

1773 मध्ये तो पहिला झटका आला. हंटर उठून आरशापुढे गेले. चेहरा मेलेल्या माणसासारखा पांढरा पडला होता, नाडी हाताला लागत नव्हती. श्वास आपोआप चालेल याची खात्री वाटेना, म्हणून ते एकेक श्वास ठरवून घेत राहिले. पाऊण तासाने कळ थांबली. एवढ्या वेदनेतही स्वतःलाच तपासणारा रुग्ण मी तरी पाहिलेला नाही!

पुढची वीस वर्षे त्यांनी आपल्या कळांवर नजर ठेवली. श्रमाने कळ येई, पण रागाने जास्त. करुण प्रसंग सांगताना डोळ्यांत पाणी आले तरी छाती शांत राही. क्षुल्लक कारणाने संताप आला की मात्र पकड बसे. आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कोणाही टवाळाच्या हातात आहे, असे ते म्हणत. कारण आज आपल्याला ठाऊक आहे. रागात अ‍ॅड्रेनलिन वाढते, ठोके आणि रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त प्राणवायू लागतो आणि अरुंद धमनी तो पुरवू शकत नाही.

इतके अचूक निरीक्षण, पण स्वभाव तोच राहिला. राग चढण्याआधी जबडा आवळतो, कान तापतात, छाती धडधडते. तेवढ्यात उठून बाजूला होता येते. माझे काही रुग्ण हे शिकले आहेत. हंटर यांना ते जमले नाही. शिष्य जेन्नर यांना गुरूंच्या हृदयाच्या धमन्यांचा संशय 1770 च्या दशकातच आला होता, पण धक्का बसेल म्हणून ते बोलले नाहीत. माझ्या मते तिथे ते चुकले.

16 ऑक्टोबर 1793. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद होणार होता आणि तो आपल्याला झेपणार नाही, ही भीती हंटर यांनी आधीच बोलून दाखवली होती. तरी ते गेले. कोणीतरी त्यांचे म्हणणे खोडले. ते बोलायचे थांबले, शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळले. वय 65.

शवविच्छेदन मेहुणे एव्हरर्ड होम यांनी केले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या हाडासारख्या कडक झाल्या होत्या.