जमीन, पक्ष आणि पंडितजी

जून १९२० मध्ये प्रतापगड जिल्ह्यातील सुमारे दोनशे किसान पन्नास मैलांची पायपीट करून अलाहाबादेस आले. त्यांचे पुढारी बाबा रामचंद्र हे मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण, फिजीत गिरमिट्या म्हणून राबून आलेले. किसानांच्या आग्रहावरून तीस वर्षांचे बॅरिस्टर जवाहरलाल नेहरू त्यांच्या खेड्यांत गेले आणि तालुकदारांच्या बेदखलीने गांजलेली माणसे त्यांनी प्रथमच जवळून पाहिली. पंडितजींच्या चरित्रात अलिप्ततावाद आणि पोलादाचे कारखाने यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात; मला मात्र त्यांचे चरित्र येथून वाचावेसे वाटते. आमच्या घरात सात-बारा नाही, हेही त्याचे एक कारण असेल.

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खानदेशातील फैजपूरला, खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. खंड व सारा कमी करावा, कुळांना संरक्षण द्यावे असा कार्यक्रम तेथे मंजूर झाला. पुढे सत्ता आली आणि जमीनदारी गेली. न्यायालयाची अडचण आली तेव्हा १९५१ साली घटनादुरुस्तीही झाली. हे जमले याचे श्रेय पंडितजींना द्यावेच. पण जमीनदार मूठभर होते आणि त्यातले बरेचसे इंग्रजांच्या बाजूचे. त्यांच्या जागी आलेली बडी कुळे मात्र काँग्रेसचीच होती.

खरी कसोटी पुढेच होती. जानेवारी १९५९ मध्ये नागपूर अधिवेशनात ठरले की, कमाल धारणेचे कायदे वर्षअखेरपर्यंत व्हावेत, शिलकी जमीन पंचायतींकडे जावी, पुढे सहकारी शेती यावी. चरणसिंगांनी उघड विरोध केला. त्याच वर्षी राजाजी, रंगा, मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. त्यांच्याशी निदान वाद तरी घालता येत होता! ज्यांनी होकार दिला त्यांचे काय करायचे? जमीन हा विषय राज्यांचा, आणि राज्यांतील पक्ष उभा होता गावोगावच्या सधन बागायतदारांवर. ज्यांची जमीन जायची, तेच आमदार निवडून आणीत. कायदे रेंगाळले आणि तोवर मुले, पुतणे, क्वचित गडीमाणसे यांच्या नावे वाटण्या झाल्या. आपल्या राज्याचा कायदा १९६२ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला.

मला वाटते, पंडितजींची उणीव येथेच आहे. १९५१ ते १९५४ पक्षाध्यक्षपदही त्यांच्याकडे होते, पण प्रतापगडच्या किसानांना पक्षात जागा मिळाली नाही. पक्ष म्हणजे निवडणुकीपुरते यंत्र उरले. १९६३ साली कामराज योजनेनुसार सहा मुख्यमंत्री व सहा केंद्रीय मंत्री पक्षकार्यासाठी सत्तेबाहेर पडले. वरची माणसे बदलली, जिल्ह्यातली तीच राहिली.

२७ मे १९६४ रोजी पंडितजी गेले. कुटुंब हा घटक धरून कमाल मर्यादा ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वे १९७२ साली आली. तोवर त्या वाटण्यांच्या नोंदी तलाठ्याच्या दप्तरात जुन्या झाल्या होत्या.