राज्य नसलेला राजा : तंजावरचे सरफोजी महाराज

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तंजावर येथे, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी राज्य स्थापिले. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज पराक्रमासाठी वा राज्यविस्तारासाठी प्रसिद्ध नाहीत. राज्य हातचे गेल्यावर त्यांनी जे केले, त्यामुळे त्यांचे नाव राहिले.

त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये मृत्युसमयी त्यांना दत्तक घेऊन श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हवाली केले. परंतु गादीवर आले ते तुळजाराजांचे बंधू अमरसिंह. बाल सरफोजींच्या सुरक्षिततेची चिंता वाटू लागल्याने त्यांना पुढे मद्रासेस नेण्यात आले. तेथे त्यांनी इंग्रजी भाषेचे व पाश्चात्त्य विद्यांचे अध्ययन केले. १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली खरी. पण १७९९ च्या तहाने सर्व कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांच्या हाती राहिला तो किल्ला, राजपदाचा मान, सालीना एक लक्ष होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा.

एवढ्या सामग्रीवर दुसरा कोणी ऐषारामात बुडाला असता. सरफोजींनी विद्येचा संसार मांडला. नायक राजांपासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी अपार वाढविला. काशीयात्रेस गेले असता तेथूनही हस्तलिखिते मिळविली, आणि युरोपीय भाषांतील चार हजारांहून अधिक ग्रंथ जमविले. गजशास्त्र व अश्वशास्त्र यांवरील सचित्र पोथ्याही या सरस्वती महालात आहेत. धन्वंतरी महालात औषधे सिद्ध होत. नेत्ररुग्णांच्या त्या काळच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह आजही जतन केलेल्या आहेत. राजवाड्यातील देवनागरी छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी भाषांतर, ‘बालबोध मुक्तावली’, छापले गेले. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. महाराजांनी स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचून त्यात जगाचा भूगोल गुंफिला. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. त्यात त्यांनी मायबोली सहज बसविली.

वास्तूंच्या बाबतीतही हेच औदार्य दिसते. आपल्या गुरूसाठी त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. स्वधर्म मात्र सोडला नाही. चोळांनी उभारलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तो भारतातील अतिदीर्घ शिलालेखांपैकी एक होय. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकाठी षट्कोनी बुरूज बांधला. त्यात अंकित राजाची अगतिकता नव्हती असे कसे म्हणावे? पण तमिळ माणूस त्या वास्तूस आजही ‘मनोरा’ याच नावाने ओळखतो.

१८३२ मध्ये महाराज निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि उरलेसुरले राज्यही संपले. सरस्वती महाल मात्र टिकला व १९१८ मध्ये सर्वांस खुला झाला. तेथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, शिवाय मोडी कागदांची असंख्य बाडे. ती वाचू शकणारी माणसे आज थोडीच उरली आहेत. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांपैकी एखाद्याने जरी ती लिपी शिकून तंजावरची वाट धरली, तरी महाराजांनी जमविलेले ते धन सार्थकी लागेल.