सर जोसेफ व्हिटवर्थ आणि वाळूची पिशवी

गेल्या सत्रात पंचवीस यार्डांवर माझा ग्रुप काही केल्या सुधारत नव्हता. पॉइंट टू-टू रायफल, पाच गोळ्या, आणि पाचही उजवीकडे खाली. हाउसच्या शूटिंग टीमची निवड आठवड्यावर आली होती. रायफलची साइट हललेली आहे, मला दुसरी रायफल द्या, असे मी उस्तादांना सांगून टाकले. उस्तादांनी दुसरी दिली नाही. हीच रायफल टेकूवर ठेवून मारायची, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल, एवढेच ते म्हणाले. टेकू कसला घ्यायचा ते त्यांनी माझ्यावर सोडले.

मी आधी एक रिकामी लाकडी पेटी आणली आणि तिच्या कडेवर नळी टेकवली. गोळ्या वर गेल्या. कठीण वस्तूला नळी टेकलेली असली की गोळी सुटताना ती तिथून उसळते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मग ब्लँकेटची घडी घेतली. ती प्रत्येक गोळीला थोडी दबायची आणि मला पुन्हा पहिल्यापासून शिस्त धरावी लागायची. तेवढ्यात वेळ संपली. संध्याकाळी मी वाचनालयात टेकूबद्दल काही मिळते का ते शोधायला गेलो, आणि तिथे मला सर जोसेफ व्हिटवर्थ भेटले.

नाव ओळखीचे होते. माझ्या मामांचे मोटरसायकलचे गॅरेज आहे. त्यांच्याकडच्या जुन्या पान्यांवर डब्ल्यू हे इंग्रजी अक्षर कोरलेले आहे. हा डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, हे मामांनी मला लहानपणीच सांगितले होते. पण हा माणूस रायफलवाला होता, हे मामांनाही माहीत नसावे.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टला झाला. आई तो लहान असतानाच गेली. वडील धर्मोपदेशक झाले आणि मुलाची रवानगी शाळेत झाली. (घरापासून लांब राहणे म्हणजे काय, हे आम्हा बोर्डिंगवाल्यांना समजावून सांगावे लागत नाही.) चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये काकांच्या सूतगिरणीत कामाला लावले. पुढेमागे गिरणीचा धंदा त्याने सांभाळावा असा बेत होता. जोसेफला धंद्यापेक्षा यंत्रे आवडत. चार वर्षांनी तो तिथून निघाला आणि मँचेस्टरला साधा कारागीर म्हणून राबू लागला. १८२५ मध्ये लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात त्याला काम मिळाले. त्या काळी यांत्रिक कामात याहून मोठी शाळा नव्हती.

तिथे तो ज्या प्रश्नाने झपाटला तो ऐकायला अगदी साधा आहे. खरोखर सपाट पृष्ठभाग कसा बनवायचा? त्या वेळी दोन लोखंडी पाटे मध्ये एमरीची पूड घालून एकमेकांवर घासत असत. पण त्यात एक गोम आहे. एक पाटा फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असला, तरी दोन्ही एकमेकांवर चपखल बसतात आणि आपल्याला वाटते की दोन्ही सपाट आहेत. व्हिटवर्थनी तीन पाटे घेतले. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी जुळवून पाहायचा. रंग लावून जिथे उंचवटा दिसेल तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडायचा. तिन्ही एकमेकांशी जुळले की फसवणुकीला जागाच उरत नाही. हे मी दोनदा वाचले. माझ्या बाबतीत मी आणि रायफल असे दोनच पाटे होते. चूक कुणाची हे आम्हा दोघांवरून ठरणारच नव्हते, तिसरा पाटा हवा होता.

१८३३ मध्ये व्हिटवर्थनी मँचेस्टरला स्वतःचे दुकान थाटले. सपाट पृष्ठभागाची पद्धत त्यांनी १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत मांडली. १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी ५५ अंशांचा ठराविक कोन सुचवला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. मामांच्या पान्यांवरचा डब्ल्यू तिथून आला. पुढे इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक दाखवणारे मापनयंत्रही त्यांनी बनवले.

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले आणि ब्रिटिश सैन्याला एन्फिल्ड रायफली भराभर हव्या होत्या. त्या बनवणारी यंत्रे व्हिटवर्थनी तयार करावीत असे सरकारचे म्हणणे होते. दुसऱ्या कुणी लगेच होकार दिला असता. व्हिटवर्थ म्हणाले की रायफलची नळी कशी असायला हवी हेच अजून कुणी शोधलेले नाही, मग यंत्रे कशाची बनवू? सरकारने ऐकले. मँचेस्टरमध्ये त्यांच्या घराच्या आवारात सरकारी खर्चाने ५०० यार्ड लांबीची बंद चाचणीशाळा उभी राहिली. आत वारा नाही, पाऊस नाही. गोळीच्या वाटेवर ठरावीक अंतराने पातळ कागदाचे पडदे टांगलेले असत. प्रत्येक पडद्यावरच्या भोकावरून गोळी कुठे चढली, कुठे उतरली, हे कळे. चाचणीशाळा तयार झाली आणि वादळाने पाडली, ती पुन्हा बांधावी लागली.

त्यातून निघालेली रायफल विचित्र होती. तिची नळी आतून गोल नव्हती, सहाकोनी होती, आणि गोळीही त्याच आकाराची. एन्फिल्डचा बोअर .५७७ इंच, हिचा .४५१. एन्फिल्डच्या नळीतला पीळ ७८ इंचांत एक फेरा घेई, हिचा २० इंचांतच. एप्रिल १८५७ मध्ये हाइथ इथल्या सैनिकी नेमबाजी शाळेत दोघींची चाचणी झाली. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी दोन फुटांहून जास्त दूर गेल्या, व्हिटवर्थच्या अर्ध्या फुटाच्याही आत राहिल्या. त्याच महिन्यात, ८ एप्रिलला, इकडे बराकपूरला मंगल पांडे यांना फाशी झाली. हाइथला हरलेल्या एन्फिल्डच्याच काडतुसांवरून आपल्याकडे असंतोष पेटला होता. ही तारीख पाहिल्यावर मी थोडा वेळ पुढचे वाचलेच नाही.

आता टेकूची गोष्ट. २ जुलै १८६० रोजी लंडनजवळ विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा भरला. पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने मारायची होती. अंतर ४०० यार्ड. व्हिटवर्थनी आपली रायफल लोखंडी यांत्रिक टेकूवर घट्ट बसवली, शिस्त आधीच लावून ठेवली आणि ट्रिगरला रेशमी दोरी बांधली. राणीने दोरी ओढली. गोळी बुल्सआयमध्ये, मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली.

ही काय नेमबाजी झाली, असे माझा डॉर्ममधला मित्र म्हणतो. नाहीच. राणीला श्रेय नाही हे मलाही मान्य आहे. पण त्या दिवशी परीक्षा राणीची नव्हती, रायफलची होती, आणि रायफलची परीक्षा घ्यायची तर माणसाचा श्वास, खांदा आणि बोट बाजूला काढायलाच हवे.

तरीही सैन्याने ती रायफल घेतली नाही. ती महाग होती. बारीक बोअरमध्ये दारूची मळी लवकर साचे आणि मग गोळी भरणे जड जाई. अधिकाऱ्यांनी केवळ आकसाने नकार दिला असे काही लेखक सुचवतात. मला ते पूर्ण पटत नाही. थंडीत काकडलेला, दमलेला शिपाई मळलेल्या नळीत गोळी ठासतो तेव्हा काय होते, ते लोखंडी टेकू कुठे दाखवतो? अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने मात्र या रायफली थोड्या संख्येने मागवल्या आणि निवडक नेमबाजांच्याच हाती दिल्या. मला वाटते तिची जागा तीच होती.

व्हिटवर्थ पुढे तोफा आणि पोलाद यांच्या मागे लागले. १८६८ मध्ये त्यांनी यंत्रविद्या शिकणाऱ्या तरुणांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या, पुढच्या वर्षी त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो इथे ते वारले. त्यांच्या संपत्तीतला मोठा भाग मँचेस्टरच्या संस्थांना गेला.

दुसऱ्या दिवशी रेंजवर मी लोखंडी टेकू कुठून आणणार? वाळूच्या दोन पिशव्या घेतल्या. त्या ठासून भरल्या नाहीत, थोड्या सैल ठेवल्या, म्हणजे रायफल आपली खाच स्वतः करून घेते. मोठी पिशवी पुढच्या लाकडाखाली ठेवली, नळीला काहीच टेकू दिले नाही. छोटी मागे बटखाली ठेवली आणि डाव्या मुठीने ती दाबून उंची जुळवली. पाच गोळ्या मारल्या. टार्गेट आणले तर पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती, अगदी मधोमध. साइट जागेवर होती. मी ट्रिगर हिसकत होतो.

उस्तादांना मी जाऊन सांगितले. त्यांनी टार्गेटवर तारीख घातली, ते मला परत दिले आणि पिशव्या उचलायला सांगितल्या. पुढचे चार दिवस मी गोळी न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव केला. निवडीत माझा ग्रुप मध्याच्या बराच जवळ आला, पण तेवढ्याने भागले नाही. टीममध्ये मी राखीव आहे.