चॅपमनचा हट्ट
कॉलिन चॅपमनचं मला कौतुक वाटतं, पण त्याला पूर्ण माफ करवत नाही. 1928 साली जन्मलेला हा इंग्रज लंडनला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला, 1952 मध्ये लोटस कंपनी काढली. वजन कमी करायचं, हा त्याचा हट्ट. 1966 च्या ‘युरोपा’त इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, मधोमध पत्र्याचा ताठ कणा आणि स्प्रिंगा मऊ, त्यामुळे वळणावर चाकं रस्ता धरून राहतात. मागच्या चाकाला वरचा वेगळा दांडा नाहीच, ड्राइव्हशाफ्टच ते काम करतो. इथे मी हरखलोच!

पण 1970 मध्ये मोन्झाला त्याच्या रेसिंग कारचा पुढचा पोकळ ब्रेक-शाफ्ट तुटला आणि योखेन रिंट गेला. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद रिंटलाच मिळालं, मरणोत्तर. चॅपमन 1982 मध्ये, 54 व्या वर्षी, हृदयविकाराने गेला.