दामाजीपंतांची प्रेरणा

मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी प्रसिद्ध. परंतु पाऊस रुसला म्हणजे हाच मुलूख दाण्याला महाग होतो. पंधराव्या शतकात बीदरच्या बहामनी सुलतानांच्या वतीने दामाजीपंत येथील कारभार पाहत. सरकारी कोठारांतील धान्य राखणे व त्याचा चोख हिशेब देणे, हे त्यांचे काम. इ. स. १४६० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ परंपरेने त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा सुलतानाच्या आज्ञेची वाट न पाहता पंतांनी कोठारे खुली केली. बीदरहून त्यांना पकडून आणण्याचे फर्मान सुटले. पुढे विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने दरबारात धान्याची किंमत भरली आणि पंत सुटले, अशी कथा महिपतींनी अठराव्या शतकात सांगितली.

कथेतील चमत्कार श्रद्धेवर सोडला, तरी एक प्रश्न उरतोच. पंतांनी जीव धोक्यात का घातला? अब्राहम मॅस्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मानवी गरजांची उतरंड मांडली. आधी भूक, मग सुरक्षितता, त्यानंतर आपुलकी, प्रतिष्ठा आणि आत्मविकास. कोठाराबाहेरची रयत या उतरंडीत नेमकी बसते. पंत मात्र सुरक्षितताच पणाला लावतात. आदर्शासाठी सर्वस्व सोडणारी माणसे या क्रमाला अपवाद असतात, हे मॅस्लोनेही मान्य केले होते.

पंत ज्या दरबाराचे चाकर होते, त्याच्या धर्मपरंपरेने हाच प्रश्न निराळ्या अंगाने पाहिला. कुराणाच्या आधारे इस्लामी विचारवंतांनी ‘नफ्स’ म्हणजे मनाच्या तीन अवस्था सांगितल्या: दुष्कृत्याकडे ओढणारे मन, स्वतःलाच दोष देणारे मन आणि शांत झालेले मन. कृत्याचे मोल नियतीवर, म्हणजे हेतूवर ठरते, असेही ही परंपरा मानते. मानसशास्त्र प्रेरणेचे कारण शोधते. इस्लामी विचार तिची पारख करतो. पहिल्याच्या दृष्टीने पंत अपवाद ठरतात, तर दुसऱ्याच्या दृष्टीने प्रत्येकाला गाठता येण्याजोगी पायरी.

विशेष हे की, कथेत सरकारचे देणे बुडत नाही. दाण्यादाण्याची किंमत भरली जाते. पंतांची दया बेहिशेबी नव्हती, असेच लोकमानसाने त्यातून नोंदविले. ज्याच्या हाती कोठाराच्या किल्ल्या आहेत, त्याने हिशेब राखावा. पण तो कोणासाठी राखतो आहे, हे विसरू नये.