‘आवे मारिया’ झाल्यावर शूबर्टचं काय ऐकायचं?

फ्रान्झ शूबर्ट कोण हे तुम्हाला माहीत नसेल, पण त्याची एक चाल तुम्ही नक्की ऐकली आहे. गोव्यात किंवा वसईत एखाद्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या लग्नाला गेला असाल, तर ‘आवे मारिया’ कानावर पडलंच असेल. गंमत म्हणजे शूबर्टने ते चर्चसाठी केलंच नव्हतं. वॉल्टर स्कॉटच्या एका दीर्घकाव्यातली एलन नावाची मुलगी वडिलांसोबत गुहेत लपलेली असताना मेरीची प्रार्थना करते, त्याचं हे गाणं. लॅटिन शब्द त्या चालीवर नंतर बसवले गेले.

अ‍ॅपवर त्याचं नाव टाकलं की हे गाणं, ‘सेरेनेड’ आणि ‘अनफिनिश्ड’ सिंफनी वर येतात. बहुतेकजण तिथेच थांबतात. मीही थांबले होते. मग कळलं की या माणसाने ६०० हून जास्त गाणी केली आणि तो ३१ व्या वर्षी गेला. म्हणजे माझ्यापेक्षा फक्त नऊ वर्षांनी मोठा! मग मात्र राहवलं नाही.

जन्म ३१ जानेवारी १७९७, व्हिएन्ना. वडील शाळामास्तर, घरात पैशांची ओढाताण. आवाज गोड म्हणून अकराव्या वर्षी राजदरबाराच्या चॅपलमध्ये गायक मुलगा म्हणून निवड झाली आणि त्यामुळे चांगल्या वसतिगृहाच्या शाळेत शिक्षणही मिळालं. तिथे गुरू कोण, तर सालिएरी. हो, तोच, ज्याला मोझार्टवरच्या सिनेमाने कायमचं खलनायक करून टाकलं. आवाज फुटल्यावर शूबर्ट घरी आला आणि वडिलांच्या शाळेत लहान मुलांना शिकवू लागला. हे काम त्याला अजिबात आवडत नसे. पण याच नोकरीत असताना, १८१५ या एका वर्षात, त्याने १४० हून जास्त गाणी लिहिली. वय १८. (आपण १८ व्या वर्षी काय करत होतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारणं सोडून दिलंय.)

त्या वर्षातलं ‘एर्लकोनिग’ आधी ऐका. रात्री घोड्यावरून आजारी मुलाला घेऊन धावणारा बाप, आणि मुलाला बोलावणारं भूत. निवेदक, बाप, मुलगा, भूत, चारही आवाज एकच गायक काढतो आणि पियानोवर घोडा सतत दौडत असतो. भाषा जर्मन आहे, पण काय चाललंय ते कळतं.

आता हे गाणं छापून यायला किती त्रास झाला बघा. शब्द गटेचे होते, म्हणून मित्रांनी गाण्यांची वही थेट गटेकडे पाठवली. ती एका शब्दाशिवाय परत आली. इंटर्नशिपसाठी ई-मेल पाठवून उत्तराची वाट बघितलेल्या प्रत्येकाला हे कळेल. पुढे लाइपझिगच्या एका प्रकाशकाकडे हे गाणं गेलं. त्याने ते नाकारलं आणि परत पाठवताना ड्रेस्डेनमधल्या दुसऱ्याच फ्रान्झ शूबर्टला पाठवलं! तो वयस्कर संगीतकार भयंकर चिडला, आपल्या नावावर असला टुकार माल कोण खपवतंय म्हणून. शेवटी १८२१ मध्ये मित्रांनी वर्गणी काढून ते छापलं, तेव्हा कुठे शूबर्टची ‘रचना क्रमांक १’ बाजारात आली.

हे मित्र नसते तर त्याचं काही खरं नव्हतं. नोकरी सुटलेली, स्वतःचं घर नाही, कधी या मित्राकडे तर कधी त्या मित्राकडे मुक्काम. ऑपेराच्या मागे लागला, पण त्यातून पैसा आला नाही. १८२२ च्या अखेरीस सिफिलिस झाला. तेव्हा त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. त्यानंतरची सहा वर्षं तो हे जाणूनच जगला, आणि त्याचं सगळ्यात मोठं काम याच काळातलं आहे.

त्यातलं ‘विंटररायझं’ म्हणजे २४ गाण्यांचा हिवाळी प्रवास, १८२७ चा. प्रेमात हरलेला एकजण बर्फातून चालत सुटतो. शूबर्टने हे मित्रांना गाऊन दाखवलं तेव्हा तेही गोंधळले, इतकं ते उदास आहे. सगळं एका बैठकीत ऐकू नका, शेवटचं गाणं आधी लावा. बर्फावर अनवाणी उभा राहून एक म्हातारा वाद्य वाजवतोय आणि त्याच्या थाळीत एक पैसा नाही. पियानोचा डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनच स्वर धरून बसतो, आपल्या भाषेत सा आणि प. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे गाणं परकं वाटतच नाही.

२६ मार्च १८२८ ला व्हिएन्नात फक्त त्याच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम झाला. आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. हॉल भरला, पैसेही मिळाले. पण तीन दिवसांनी शहरात पॅगानिनीचं व्हायोलिन सुरू झालं आणि वर्तमानपत्रांना दुसरं काही दिसेना.

त्या शरद ऋतूत तो भावाच्या घरी राहायला गेला. एवढं सगळं लिहून झाल्यावर त्याला वाटलं, आपलं काउंटरपॉइंट कच्चं आहे. म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने सेख्टर नावाच्या शिक्षकाकडे शिकवणी लावली. एकच तास झाला. १९ नोव्हेंबरला तो गेला.

त्याची मोठी सी मेजर सिंफनी भावाकडच्या कागदांमध्ये पडून होती. दहा वर्षांनी शूमान तिथे गेला, त्याला ती सापडली आणि १८३९ मध्ये मेंडेल्सोनने ती लाइपझिगला वाजवली. ‘अनफिनिश्ड’ तर एका मित्राने घरात ठेवून दिली होती, ती लोकांनी ऐकली थेट १८६५ मध्ये.

आणि शेवटच्या काही आठवड्यांत लिहिलेलं सी मेजर स्ट्रिंग क्विंटेट, ते २२ वर्षांनी मंचावर आलं. शोधताना ‘डी ९५६’ असं टाका, म्हणजे चुकणार नाही. शूबर्टच्या प्रत्येक रचनेला असा डी क्रमांक आहे. नेहमीच्या चार वाद्यांत इथे एक चेलो जास्त आहे. दुसरा भाग रात्री हेडफोन लावून ऐका. आधी जवळजवळ काहीच हलत नाही. साधारण पाच मिनिटांनी सगळं एकदम खवळतं, आवाज कमी करू नका. मग ती पहिली शांतता परत येते, पण आता तिच्या खाली दुसरा चेलो अस्वस्थपणे फिरत राहतो.