खडकवासल्याचे दरवाजे बसवणारा इंजिनिअर

खडकवासल्याच्या पाण्यावर मळा पिकवणाऱ्याला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव ठाऊक हवंच. वडील लवकर गेले. पोरगा शिकवण्या घेत शिकला. म्हैसूरच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात आला अन् १८८३ साली इंजिनिअरिंगला पहिला आला. १९०३ मध्ये इथल्या धरणाला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले; भिंत न वाढवता साठा वाढला. पुढे १९६१ च्या पुरात ते जुने धरण फुटले.

म्हैसूरचे दिवाण झाल्यावर त्यांनी १९१७ साली बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज काढले. कारखाने चालवायला माणसे इथलीच घडवावी लागतात, हे त्यांनी ओळखले होते. १९६२ मध्ये ते गेले.

आयटीआयचे फॉर्म निघाले की ग्रामसेवकांनी चावडीवर जरूर सांगावे. फिटर, वायरमन आपल्याच गावचा का नसावा?